ॲमेझिंग फॅण्टसी, अंक १५

‘स्पायडर-मॅन’ या अतिमानवी नायकाची उद्गमकथा ज्यात प्रथम प्रसिद्ध झाली, तो अमेरिकन चित्रकथा-नियतकालिकाचा अंक (ऑगस्ट १९६२). लेखक स्टॅन ली (१९२२–२०१८) व चित्रकार स्टीव्ह डिटको (१९२७–२०१८). या अंकाबरोबरच हे नियतकालिक बंद पडले. मात्र त्यातील अवघ्या ११ पानांच्या कथेतील नायकाच्या नावाने मार्च १९६३ पासून स्वतंत्र नियतकालिक निघू लागले.

किरणोत्सर्गी कोळी चावल्याने पीटर पार्कर या काका-काकूंनी वाढविलेल्या, अभ्यासू व सहाध्यायांच्या चेष्टेचा विषय झालेल्या मुलास कोळ्याची शक्ती लाभते. ती तो कुस्तीच्या आखाड्यात व दूरचित्रवाणीवर पैसा आणि प्रसिद्धी यांसाठी वापरतो. पळणाऱ्या चोरास सहज अडविता येत असूनही जाऊ देतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांचा खून करतो. कथानक योगायोगावर उभे आहे, तरीही तो खटकत नाही. चोर निसटण्याचा प्रसंग इतका किरकोळ म्हणून उरकलेला आहे, की वाचकही त्यास विसरतो. अखेरीस वखारीत चोराचा चेहरा दिसताच बसणारा धक्का पीटरइतकाच वाचकाचाही असतो.

या परिणामाचे मोठे श्रेय डिटकोचे आहे. आरंभीचे रेखाटन जॅक कर्बी (१९१७–९४) याच्याकडे होते. त्याचा नायक फार रुबाबदार वाटल्याने काम डिटकोकडे सोपविल्याचे ली सांगत असे. मुखपृष्ठ मात्र कर्बीचेच असून त्यावरील भरदार नायक आणि आतील किडकिडीत पोर यांतील विसंगती उघड आहे. डिटकोने योजिलेला मुखवटा संपूर्ण चेहरा झाकतो. त्यामुळे भाव व्यक्त करण्याचे काम वाकलेले खांदे, ताणलेली बोटे व दुमडलेले गुडघे यांवर येते. म्हणूनच शेवटी मुखवटा उतरल्यावर दिसणारा रडवेला चेहरा मन हेलावतो. अखेरच्या चौकटीत पाठमोरी, लहानशी आकृती अंधारात चालत जाते. अतिमानवी नायकाच्या कथेचा असा पराभूत शेवट तेव्हा विरळाच होता.

सामर्थ्याबरोबर जबाबदारी येते, हे पुढे काकांच्या तोंडी घातले गेलेले प्रसिद्ध वचन मूळ कथेत त्यांचे नाही. ते याच चौकटीतील निवेदनात येते. लीचे संवाद चुरचुरीत आहेत. निवेदने मात्र कित्येकदा चित्राने सांगितलेलेच पुन्हा सांगतात.

कथेची मूळ हस्तचित्रे २००८ मध्ये एका अनामिक दात्याने वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयास दिली.