‘बडतर्फ’ कीं ‘पदच्युत’?

इ. स. १६७२ त मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें, तेव्हां तेथील राजा विक्रमशाह ‘बडतर्फ झाला’, असा प्रयोग बोलण्यांत येतो. तो अग्राह्य होय. ‘बडतर्फ’ हें फारसी ‘बरतरफ’चें रूप, अर्थ, बाजूस सारलेला. नेमणारा धनी असल्यावांचून बडतर्फी संभवत नाहीं. आणि विक्रमशाह कांहीं शिवाजीमहाराजांनीं नेमलेला चाकर नव्हे. येथें ‘पदच्युत’ म्हणावें. ‘च्यु’ धातूचा अर्थ ढळणें. त्यास धन्याची अपेक्षा नाहीं. इ. स. १९४८ त जव्हार संस्थान करारानें मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेथें मात्र दोन्ही शब्द गैरलागू. एका क्रियापदानें राजाचा सेवक होतो, हें संशोधकानें विसरूं नये.