मुकेश, गायछाप आणि तळहात

चित्रपटाआधी मुकेश बोलायचा. भुसावळचा तरुण. वर्षभरच गुटखा खाल्ला, तोंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रियेनंतर कदाचित बोलता येणार नाही, एवढंच सांगायचा. मग निवेदक सांगे, तो वाचला नाही, वय २४. हे २००९ सालचं. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखू दिसणाऱ्या चित्रपटांना सुरुवातीला आणि मध्ये अशी ३० सेकंदांची जाहिरात सक्तीची झाली आणि मुकेश घरोघरी माहीत झाला.

जाहिरात संयत आहे. तिच्यातला खरा धक्का जखमेपेक्षा त्या शांत आवाजाचा आहे. तरीही काही काळानं धाराशिवच्या टॉकीजमध्ये पोरं त्याच्याबरोबर वाक्यं म्हणून हसू लागली. हा नुसता निर्दयपणा नव्हे. धक्का बेसावध माणसालाच बसतो; सक्तीनं दर खेळाला दिलेला धक्का पाठ होतो. शिवाय गालात बार असताना हसणं सोपं, उत्तर देणं अवघड.

१ एप्रिल २०१६ पासून पुडीच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापला. गायछापच्या गायीला थोडीच जागा उरली, पण टपरीवर नाव अजून तिचंच घेतात. आमचे तात्या पुडी फोडून डबीत ओततात. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. चित्र टपरीसमोरच मातीत पडतं. तात्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आलाय. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, “बघू सुगी झाल्यावर.”

भीतीचा उपयोग होत नाही, असं मी म्हणणार नाही. देशात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होतं, २०१६-१७ मध्ये २८.६ झालं, त्यात भीतीचाही वाटा असेल. पण या जाहिराती माणसाला एकटा धरून घाबरवतात. आमच्याकडं तंबाखू एकट्याची नसते. बांधावर, एसटी स्टँडवर, मयतीच्या घरी कुणीतरी मळतो आणि तळहात पुढं करतो. तो नाकारणं म्हणजे माणूस नाकारल्यासारखं वाटतं. मुकेशच्या गोष्टीत तो तळहात कुठंच नाही, पुडीवरच्या चित्रातही नाही.

मला पडद्यावर तेच बघायचंय. एकजण चिमूट पुढं करतो, दुसरा “नको” म्हणतो, आणि तरीही दोघं तिथंच बसून पावसापाण्याचं बोलत राहतात. आमच्या भागात याहून मोठा धक्का कुठला असेल?