धावदोरा आणि वीज

लिया ब्यूक्ली आणि कान्जुन च्यू यांचे 'सो इलेक्ट्रिक' हे पुस्तक २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कापडात बारीक दिवे कसे शिवावेत हे शिकविणाऱ्या पुस्तकाचे परीक्षण वाङ्मयाच्या पानांत कशाला, असे कोणी विचारील. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अभिन्नतेविषयी आपण वर्षानुवर्षे वाद घालीत आलो. तिचे इतके उघड उदाहरण आम्हांस क्वचितच आढळले आहे, एवढेच आमचे उत्तर.

वस्त्रावर दिवे लावण्याची कल्पना नवी नव्हे. जपानच्या गुताई गटातील आत्सुको तानाका हिने १९५६ मध्ये रंगविलेल्या विजेच्या दिव्यांचा पोशाख घडवून तो स्वतः अंगावर घातला होता. ती कृती थोर खरीच. परंतु तीत तारांचा जड गुंता आणि देह यांचा झगडा आहे, आणि तिचे सामर्थ्य त्या झगड्यातच आहे. ब्यूक्लीबाईंच्या रीतीत तार उरतच नाही; तिचे काम दोराच करतो. पोलादी तंतूंचा किंवा चांदीचा मुलामा दिलेला दोरा सुईत ओवावा, नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या धन टोकापर्यंत धावदोरा घालावा, ऋण बाजूस तसाच दुसरा. टाका ही नक्षी, आणि तोच विजेचा मार्ग. दोऱ्यावर वेष्टन नसते. म्हणून गाठीपाशी सुटलेली शेपटी पलीकडच्या ओळीस लागली की दिवा विझतो. गबाळी शिवण येथे नुसती कुरूप राहत नाही, ती खोटी ठरते. कवितेतील सैल ओळीविषयी असे म्हणता आले असते तर आम्हां परीक्षकांचे काम किती सोपे झाले असते!

पुस्तकातील कंकणाची योजना आम्हांस विशेष आवडली. मनगटावर टिचबटण लावले की दिवे लागतात. दागिना घालणे हेच कळ दाबणे. पुढील बाहुली व कापडी पियानो यांत चातुर्य आहे, पण सौंदर्यदृष्टी खेळण्यांच्या दुकानापलीकडे फारशी जात नाही.

तरीही या उद्योगाचे मोल खेळण्यांवरून ठरवू नये. ब्यूक्लीबाईंचे 'लिलीपॅड' हे शिवता येणारे यंत्र २००७ मध्ये बाजारात आले. पुढे त्यांनी व बेंजामिन माको हिल यांनी २०१० च्या निबंधात दाखविले की, साध्या 'आर्डुइनो' यंत्रावरील प्रकल्प बहुतांशी पुरुषांचे, तर लिलीपॅडवरील बहुतांशी स्त्रियांचे होते. शिवणकाम म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, असे मानणाऱ्या सुशिक्षितांनी (आमच्या कचेऱ्यांत ते थोडे नाहीत) यावर विचार करावा. अडचण बुद्धीची नव्हती, दाराची होती.

आपल्याला हा दोरा परका वाटण्याचे कारण नाही. रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ प्रभृतींनी अशा प्रयोगांसाठी धातूचा पत्रा गुंडाळलेल्या आडव्या धाग्यांचे तलम रेशमी कापड वापरले. असे कापड हिंदुस्थानात फार पूर्वीपासून विणले जाते, हे त्यांच्या २००० च्या निबंधात नमूद आहे. त्या कापडात जरीचे धागे सुटे असतात, म्हणून प्रत्येकाची निराळी वाट होते. पैठणीच्या भरगच्च पदरात जरीस जर भिडते. तेथे वीज सोडली तर ती सगळीकडे पसरेल आणि दिवा लागणार नाही. शिवाय आज बाजारात प्लास्टिकच्या फितीची जर सर्रास मिळते. तिच्यावर भिस्त ठेवण्यापूर्वी बॅटरी लावून पाहावी, आणि आजीच्या लुगड्यास तर सुई लावूच नये.