‘अधिकृत’ आणि ‘प्रमाण’ : भूमिकाखेळाच्या चाहत्यांच्या संकेतस्थळांची पुनर्रचना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचिला व तो अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींपैकी एकाने कथा सांगावयाची, इतरांनी आपापल्या पात्राच्या मुखाने बोलावयाचे, आणि यशापयशाचा निवाडा फाशांवर सोपवावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. टीएसआर या प्रकाशनसंस्थेने या खेळासाठी अनेक कल्पित जगे ग्रंथबद्ध केली. तथापि येथे ग्रंथ हा केवळ आधार होय. प्रत्येक बैठकीत त्यात नवी भर पडते. म्हणूनच मूळ संहिता कोठे संपते व प्रक्षेप कोठे सुरू होतो, हा प्रश्न या वाङ्मयात आरंभापासूनच नाजूक आहे.

चाहत्यांनी इंटरनेटवर ठेवलेल्या अशा लेखनावर टीएसआरने १९९४ च्या सुमारास निर्बंध घातले आणि ते आपण नेमून दिलेल्या एकाच ठिकाणी ठेवावे, असा आग्रह धरला. १९९७ मध्ये ही संस्था ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि २००० च्या सुमारास धोरण पार उलटले. ज्या जगांचे ग्रंथ छापणे थांबले होते, त्यांपैकी काहींचा सांभाळ चाहत्यांच्या एकेका संकेतस्थळाकडे सोपविण्यात आला व त्यास ‘ऑफिशियल’ हे बिरुद मिळाले. डार्क सनसाठी अथास डॉट ऑर्ग, प्लेनस्केपसाठी प्लेनवॉकर, बर्थराइटसाठी बर्थराइट डॉट नेट, रेव्हनलॉफ्टसाठी कारगाटेन, अशी ती वाटणी होती.

या नावांकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहज जावे. अथास हे डार्क सनमधील भूमीचेच नाव. कारगाटेन हे रेव्हनलॉफ्टमधील एका गुप्त पोलीसदलाच्या हस्तकांचे. चाहते त्या जगाबद्दल बाहेरून लिहीत नव्हते, तर त्याच्या आत उभे राहून लिहीत होते. प्लेनस्केपला तर स्वतःची बोलीच आहे. जुन्या इंग्रजी चोरभाषेतून व गावठी बोलीतून वेचलेल्या शब्दांची ती बनलेली असून तीत ‘डार्क’ म्हणजे गुह्य आणि ‘बर्क’ म्हणजे मूर्ख. ग्रेहॉक जगाच्या भक्तांनी आपल्या संकेतस्थळास ‘कॅननफायर’ म्हटले, ते इंग्रजीत ‘प्रमाणग्रंथ’ आणि ‘तोफ’ हे शब्द समोच्चारी असल्याचा लाभ घेऊन! ज्या वादासाठी मंडळी एकत्र जमली, तो त्या श्लेषात पुरता आला आहे.

परंतु घोटाळा झाला तो ‘ऑफिशियल’ या शब्दाने. मराठीत अधिकृत आणि प्रमाण हे दोन भिन्न शब्द आहेत. ज्यास मालकाची संमती ते अधिकृत. ज्यावरून खरेखोटे ठरवावयाचे ते प्रमाण. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला व त्यात कोणी पदरची ओवी घालू नये असे बजाविले. त्या पाठास प्रामाण्य लाभले ते कोणा मालकाच्या संमतीने नव्हे. इंग्रजी शब्दाच्या पोटात हे दोन्ही अर्थ नांदतात. कंपनीने पहिला अर्थ दिला, चाहत्यांनी दुसराही घेतला.

डार्क सनच्या उदाहरणात हे लख्ख दिसते. २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत ते जग बसविण्याचे जिकिरीचे काम अथास डॉट ऑर्गच्या मंडळींनी विनामोबदला अंगावर घेतले. असे असता २००४ मध्ये कंपनीच्याच परवान्याने निघणाऱ्या ‘ड्रॅगन’ मासिकात त्याच जगाचे दुसरे, निराळे रूपांतर प्रसिद्ध झाले. दोन्ही अधिकृत; मग प्रमाण कोणते? पुढे २०१० मध्ये कंपनीने डार्क सनचा नवा ग्रंथ काढला, तेव्हा कथाकाल कलक राजाच्या वधानंतर लगेचचा धरून १९९५ च्या सुधारित आवृत्तीतील पुढील घडामोडी खुशाल बाजूस ठेवल्या. मालकाच्या स्वतःच्या जुन्या ग्रंथांनाही जेथे प्रामाण्याची शाश्वती नाही, तेथे चाहत्यांनी घातलेल्या भरीस ती कोठून असणार? रेव्हनलॉफ्टची गोष्ट थोडी वेगळी. २००१ मध्ये परवान्याने निघालेल्या त्या जगाच्या ग्रंथाचे लेखन कारगाटेनच्याच मंडळींकडे गेले आणि तेथे भाष्यकार स्वतःच सूत्रकार झाले.

यानंतरची मोठी पुनर्रचना २०१६ ची. ‘डीएम्स गिल्ड’ या नावाने कंपनीने चाहत्यांच्या लेखनासाठी एक बाजारपेठच उघडली. प्रथम ती ‘फरगॉटन रेल्म्स’ या एकाच जगापुरती होती, पुढे इतर जगांनाही तीत प्रवेश मिळाला. किमतीचा निम्मा वाटा लेखकास मिळतो, त्याचे नाव मुखपृष्ठावर येते. ज्यांनी वर्षानुवर्षे फुकट राबून हे वाङ्मय पोसले, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिला नाक मुरडणे अन्यायाचे होईल. पण जुन्या रचनेचे एकक जग हे होते, नव्या रचनेचे एकक विक्रीची वस्तू हे आहे. तेथे लेखक आहेत, ग्राहक आहेत. पाठभेदांचा निवाडा करणारे संपादकमंडळ मात्र नाही. आधीच्या लेखकाने घातलेली भर पुढच्याने वापरण्यास नियमांची आडकाठी नाही, परंतु ती वापरलीच पाहिजे असेही बंधन नाही. एकाच नगरीची परस्परविसंगत वर्णने शेजारीशेजारी विक्रीस राहू शकतात, आणि त्यांतील कोणते ग्राह्य धरावे हे ज्या त्या टेबलावर ठरते.