'साइटवर सुपरवायझर आहे का?' हा प्रश्नच चुकलाय

बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेवर काम करायचं ठरवलं की प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास येतो: 'साइटवर सुपरवायझर आहे का? होय/नाही.' माझ्याही पहिल्या प्रश्नावलीत तो होता. जिथे जिथे गेले, तिथे उत्तर एकच: होय. गाइडनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "जे सगळीकडे सारखंच आहे, त्यावरून फरक कसला समजावणार?"

चूक माझी होतीच, पण थोडी कायद्याच्या रचनेतही आहे. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा २०२५ पर्यंत १० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता. पण त्याच्या कलम ३८ नुसार सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी लागत ते कामगार ५०० किंवा जास्त असतील तेव्हा. आपल्या गल्लीत उभी राहणारी सात मजली इमारत या दोन आकड्यांच्या मधेच राहते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने बांधकामासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा २५० वर आणली. सुधारणा आहे, पण मोजमाप तेच: डोकी. परांचीवर सहा जण असले तरी पडण्याची उंची काही कमी होत नाही.

दुसरी गडबड शब्दांची. अमेरिकन प्रश्नावली उचलून 'कॉम्पिटंट पर्सन' हा शब्द तसाच वापरणारे सिनॉप्सिस मी पाहिलेत. अमेरिकेच्या ओशा नियमांत याचा अर्थ धोका ओळखू शकणारी आणि तो लगेच दूर करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. आपल्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत मात्र 'कॉम्पिटंट पर्सन' म्हणजे उचल-यंत्रं, वायररोप वगैरेंची चाचणी करून दाखला देणारा मान्यताप्राप्त तज्ज्ञ. रोजच्या देखरेखीच्या जवळ जाणारा आपला शब्द 'रिस्पॉन्सिबल पर्सन'. शब्द एक, माणसं दोन! तुलना तिथेच फसते.

या 'रिस्पॉन्सिबल पर्सन'च्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत: पुरेसं ज्ञान, अनुभव आणि आवश्यक अधिकार. आपण संशोधक पहिल्या दोन मोजतो, कारण त्या सोप्या आहेत. डिप्लोमा आहे का, किती वर्षं झाली, झालं. तिसरी सोडून देतो. आणि खरी गोम तिथेच आहे.

एका साइटवर तपासणीचं रजिस्टर बघितलं. दिवस बुधवार, सह्या शनिवारपर्यंतच्या. सुपरवायझर ओशाळून म्हणाला, "सही माझीच आहे मॅडम. पण काम थांबवायचं तर आधी ठेकेदाराला फोन करावा लागतो." माझ्या तक्त्यात त्या साइटपुढे दोन 'होय' पडले होते: सुपरवायझर आहे, रजिस्टर आहे. वर परांचीवर गवंडी कामाला होते, आणि माझ्या डेटानुसार ते सुरक्षित होते. हे मला अजून बोचतं.

मग काय विचारायचं? मी प्रश्न बदलले. मागच्या महिन्यात धोक्यामुळे काम थांबवलं का? कुणी? कुणाला विचारून? आणि थांबलेल्या वेळेची मजुरी कुणाची बुडाली? शेवटचा प्रश्न मजुरांनाच विचारा, मुकादमासमोर नको. आपल्या डेटापायी कुणाचा रोज जायला नको.

इथेही एक अडचण आहेच. 'काम थांबवलं नाही' याचा अर्थ धोका नव्हता असाही होऊ शकतो, किंवा हिंमत नव्हती असाही. म्हणून उत्तराच्या जोडीला स्वतःची निरीक्षणं हवीत: कठडा आहे का, फळ्या बांधलेल्या आहेत का, पट्टा कशाला अडकवलाय.

सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा: कायद्यातली व्याख्या मुळातून वाचा, तिचे भाग पाडा आणि प्रत्येक भागासमोर आपला प्रश्न लिहा. ज्या भागासमोर जागा रिकामी राहील, तुमचं संशोधन बहुधा तिथून सुरू होईल.