आधारस्वराविना : टेलेमानची बासरीयुगुले आणि जालन्याकडील कान

पाश्चात्त्य संगीत स्वरमेळाचे आणि आपले संगीत एकेरी स्वरावलीचे, ही विभागणी मराठी संगीतचर्चेत इतकी रूढ झाली आहे की तिची परीक्षा करण्याची गरज क्वचितच कोणास वाटते. परंतु बरोक काळातील दोन बासऱ्यांचे वादन ऐकावयास बसले की ती पहिल्या काही क्षणांतच डळमळू लागते. येथे पियानो नाही, वाद्यवृंद नाही, स्वरांचे थर नाहीत. एकाच जातीची दोन वाद्ये आहेत आणि प्रत्येकाला एका वेळी एकच स्वर काढता येतो. मग स्वरमेळ येतो कोठून?

गेओर्ग फिलिप टेलेमान (१६८१–१७६७) याने १७२७ साली हँबुर्ग येथे दोन बासऱ्यांसाठी सहा सोनाटा स्वतःच प्रसिद्ध केले. 'बासविरहित' हा शब्द त्याने शीर्षकातच घातला होता. त्या काळच्या कक्षसंगीतात हार्प्सिकॉर्ड व चेलो यांनी धरलेली खर्जाची साथ गृहीतच असे. ती काढून घेणे म्हणजे घराच्या भिंती ठेवून जोते काढण्यासारखे होते. पुढे १७३८ मध्ये पॅरिस येथे त्याने सहा सोनाटांचे दुसरे पुस्तक काढले. त्यातील अठराही भाग 'कॅनन' पद्धतीचे आहेत. म्हणजे पहिला वादक जे वाजवितो तेच, त्याच स्वरांवर, दुसरा थोड्या अंतराने वाजवितो. दोघांना मिळून एकच लिखित ओळ पुरते.

जालना जिल्ह्यातील श्रोत्याला जोडीने वाजणारी सुषिर वाद्ये अपरिचित नाहीत. लग्नमंडपात किंवा देवळाच्या दारी सनई वाजते तेव्हा एक जण चाल वाजवितो आणि साथीदार नुसता 'सूर' धरून बसतो. या अखंड षड्जाला कोणी दाद देत नाही. पण तो क्षणभर थांबला तर चाल लंगडी पडते. मैफलीत हेच काम तंबोरा करतो. ऐकणाऱ्याचा कान प्रत्येक स्वर त्या स्थिर आधाराशी ताडून पाहतो, आणि ही सवय इतकी खोल असते की ती सवय आहे याचेही भान राहत नाही. टेलेमानच्या युगुलात कोणीच सूर धरीत नाही. दोघेही चालतात. म्हणून प्रथमश्रवणी हे संगीत अस्थिर, क्वचित बेसूरही भासते. खालची बासरी मध्यमावर थांबली आहे, वरची येऊन पंचमावर उभी राहते. दोन लगतचे स्वर एकमेकांवर घासतात, आणि मग खालची गांधारावर उतरते तेव्हा ताण सुटतो. तंबोऱ्यावर पोसलेला कान या घर्षणाला चूक समजतो. वस्तुतः तीच रचनेची मुख्य कमाई आहे.

परंतु आधार येथे सर्वस्वी नाही असेही म्हणता येत नाही. दोन बासऱ्या जवळजवळचे स्वर शुद्ध प्रमाणात आणि जोराने वाजवू लागल्या की श्रोत्याच्या कानात तिसरा, मंद्र स्वर उमटतो. इटालियन वादक तार्तिनी याने या 'तिसऱ्या स्वरा'चे वर्णन १७५४ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. षड्ज आणि शुद्ध गांधार यांचे प्रमाण ४ : ५ असले, तर त्यांच्या वजाबाकीतून निघणारा १ हा स्वर त्याच षड्जाच्या दोन सप्तके खाली पडतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, हे जाणकारांना ठाऊकच आहे. येथे प्रक्रिया उलटी आहे : वरच्या दोन स्वरांतून खालचा षड्ज जन्मतो. मात्र गांधार कोमल होताच प्रमाण ५ : ६ होते आणि तळाचा स्वर षड्ज न राहता कोमल धैवताच्या जागी सरकतो. म्हणजे आधार आहे, पण तो चळणारा आहे, आणि तो वाद्यात नसून कानात आहे. स्वरमेळ म्हणजे स्वरांची गर्दी, या समजुतीला याहून साधे उत्तर मिळणार नाही.

या वादनाला 'जुगलबंदी' म्हणण्याचा मोह आवरावयास हवा. जुगलबंदीत दोघे एकाच रागाच्या घरात, एकाच षड्जाच्या छायेत, बहुधा आळीपाळीने बोलतात. कॅननला अधिक जवळचे असे काही आपल्याकडे शोधावयाचे तर ते साथीच्या पेटीत सापडेल. जालना परिसरात जन्मलेले आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांची भीमसेन जोशी यांच्यासारख्या गायकांना लाभलेली साथ आठवावी. गायकाची जागा निघते आणि तिच्या पाठोपाठ, किंचित मागून, पेटी तिची सावली उमटविते. बाह्यतः हाच कॅनन. भेद आहे तो वृत्तीचा. पेटी मागून येते ती अदबीने. गायकाची पुढची जागा सुरू होताच ती बाजूला सरते. कॅननमधील दुसरी बासरी बाजूला सरत नाही. पहिलीने मघा उच्चारलेले वाक्य ती पूर्ण करीत असते, आणि ते वाक्य आता पहिलीच्या नव्या वाक्याखाली आधार म्हणून उभे राहते. प्रत्येक ओळ लिहिताना टेलेमानला ती चाल म्हणून शोभेल आणि पुढील क्षणी स्वतःलाच साथ म्हणूनही पुरेल, हे पाहावे लागले आहे. जे क्षणापूर्वी बोलले गेले त्याचीच जमीन होते.

अठराही भागांत हे सारखेच साधले आहे असे नाही. द्रुत भागांत अनुकरण इतके जवळून येते की प्रतिध्वनीचा खेळ पुष्कळदा नुसता खेळच राहतो. विलंबित भागांत मात्र, विशेषतः कोमल गांधाराच्या वळणाने जाणाऱ्या दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या सोनाटात, घर्षणाला वेळ मिळतो आणि तळाच्या त्या सरकत्या स्वरालाही. १७२७ च्या युगुलांत बंधन सैल आहे. दोन्ही बासऱ्या कधी मागेपुढे, कधी समांतर चालतात, आणि नवशिक्या श्रोत्याने आरंभ तेथूनच करावा हे उचित.

वाद्याचाही विचार आवश्यक आहे. त्या काळची आडवी बासरी लाकडी, सहा छिद्रांची आणि एका चावीची होती. तिचे काही स्वर मोकळे, काही दबलेले निघत. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांच्या लांब वेळूच्या बासरीशी परिचय असलेल्यास हा आवाज आजच्या धातूच्या बासरीहून अधिक ओळखीचा वाटेल. शिवाय वादक फुंकीने व ओठांनी स्वर किंचित चढवू-उतरवू शकतो. क्वांट्स या वादकाने तर कोमल व तीव्र स्वरांतील सूक्ष्म भेद राखण्यासाठी आपल्या बासरीला दुसरी चावी बसविली, आणि १७५२ च्या आपल्या ग्रंथात तिचे समर्थन केले. समान अंतरांत बांधलेल्या पेटीला हा भेद दाखविता येत नाही. श्रुतींची चर्चा करणाऱ्या विद्यार्थ्याला क्वांट्सचा हा आग्रह परका वाटू नये.

ध्वनिमुद्रिका ऐकताना दोन बासऱ्या डाव्या-उजव्या बाजूंना वेगळ्या काढून दिलेल्या असतात. ही सोय पहिल्या दोन-तीन वेळांपुरतीच घ्यावी. दोन्हींचा पल्ला एक, नाद एक. रेषा एकमेकींना छेदून जातात तेव्हा कोणता स्वर कोणाचा हे कळेनासे होते, आणि कळू नये अशीच ती रचना आहे.