नियम आणि त्यामागचा प्रसंग

महानुभाव पंथात संन्यास घेतल्यावर माझी आत्या झरीला एकदाच आली. आजी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. आत्या घरात आली नाही. समोरच्या लिंबाखाली बसली, मग गल्लीतली चार घरं मागत आमच्या दारी झोळी घेऊन उभी राहिली. वडिलांनी आजीची बाज उंबऱ्यापर्यंत ओढत आणली. आजीनं आपल्या हातानं अर्धी भाकरी झोळीत घातली आणि आत्या निघून गेली. मी दहा वर्षांचा होतो. ज्यांनी कुणी असे नियम केले, त्यांचा मला फार राग आला.

तो राग घेऊनच मी पुढे ‘सूत्रपाठ’ वाचला. चक्रधरस्वामींची वचनं त्यांच्या मागे केसोबासांनी निवडून लावली, तो हा ग्रंथ. त्यातली ‘आचार’ आणि ‘आचारमालिका’ ही प्रकरणं म्हणजे संन्याशाच्या दिनक्रमाचा कायदाच. देश सोडावा, गाव सोडावं, आणि नात्यातल्या माणसांचा संबंध तर विशेष करून सोडावा. एकट्यानं फिरावं, झाडाखाली राहावं, मिळेल ती भिक्षा खावी. आत्या लिंबाखाली का बसली, ते इथं कळतं. राग मात्र जात नाही.

याच शतकात, चक्रधरांच्या आधी काही दशकं, युरोपात असाच खटाटोप चालला होता. 1215 साली पोप तिसरा इनोसंट यानं रोमच्या लॅटरनमध्ये धर्मपरिषद भरवली. चारशेहून अधिक बिशप जमले आणि सुमारे 70 नियम झाले. धर्मगुरूंनी नशा करू नये, फासे खेळू नयेत, शिकारीला जाऊ नये, लाल किंवा हिरवं कापड अंगावर घेऊ नये. दारूच्या गुत्त्यात पाऊल टाकू नये, पण प्रवासात गरजच पडली तर चालेल. ही शेवटची सवलत मला महत्त्वाची वाटते. परिषदेला माणसाची अडचण ठाऊक आहे, आणि ती अडचण तिनं नियमाच्या वाक्यातच बसवली आहे. ती अडचण नेमकी कुणाची होती, हे मात्र त्या वाक्यात राहत नाही.

सूत्रपाठात सवलत अशी लिहिलेली सहसा सापडत नाही. त्यामुळे तो लॅटरनहून कठोर वाटतो. पण सूत्रं मुळात कायदा म्हणून सांगितलेलीच नव्हती. ती कुणाला तरी, कुठल्या तरी गावी, काही तरी घडल्यावर बोललेली वाक्यं होती. केसोबासांनी ती प्रसंगातून उचलली तेव्हा त्यांचे नियम झाले. पंथाला यातला धोका कळला असावा, कारण कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं ते सांगणारा ‘प्रकरणवश’ नावाचा वेगळा ग्रंथच परंपरेनं सांभाळला. लॅटरननं अपवाद वाक्यात घातला. महानुभावांनी वाक्य अपवादाविना ठेवलं आणि त्याच्याशेजारी गोष्ट ठेवली.

‘स्मृतिस्थळ’ मी या बाजूनं वाचतो. चक्रधर गेल्यानंतर नागदेवाचार्यांभोवती जमलेल्या माणसांच्या या आठवणी. वा. ना. देशपांडे यांनी त्या संपादित केल्या. 1992 साली अ‍ॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे यांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं, त्याला दिलेलं नाव ‘देवाच्या अनुपस्थितीत’ अशा अर्थाचं आहे. हा ग्रंथ भक्तीच्या हळव्या आठवणींचा म्हणून वाचला जातो. मला तो एका पेचाचा ग्रंथ वाटतो. सूत्रं सांगतात, एकटे राहा. आणि इथं पानोपानी सोबत आहे, एकमेकांची चौकशी आहे, रुसवे आहेत. केसोबास संस्कृतात लिहू लागतात तेव्हा नागदेव त्यांना थांबवतात, कारण त्यामुळे म्हाताऱ्या बायका वंचित होतील. हा नियम कुठल्या सभेनं केला नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे बघून तो झाला.

ग्रंथाचं उणंही इथंच आहे. निवाडा करणारा एकच माणूस, आणि आठवणी लिहिणारे त्याच्यावर जीव टाकणारे. ज्याच्या विरुद्ध निवाडा गेला त्याला काय वाटलं, हे क्वचितच उमटतं. नागदेवांनंतर निर्णय कसा करायचा याची रीत मागे उरली नाही. पुढे पंथात वेगवेगळे आम्नाय झाले, यात मला नवल वाटत नाही. परिषदेचा नियम कोरडा असला तरी तो माणूस गेल्यावर टिकतो. नागदेवांच्या नजरेतलं तारतम्य त्यांच्यासोबतच गेलं.

आता आत्याकडे परत येतो. लहानपणी मला वाटलं, नियमानं तिला घरात येऊ दिलं नाही. आज वाटतं, तिनं भिक्षेच्या नियमाला धरून आईपर्यंत वाट काढली. नातं सोडलेल्या संन्यासिनीनं सख्ख्या आईच्या दारी झोळी धरावी का, यावर शास्त्री वाद घालतील. त्यांनी तो जरूर घालावा. फक्त त्या सूत्राशेजारी उंबऱ्यापर्यंत ओढलेली बाज आणि अर्धी भाकरीही लिहून ठेवावी.